दहा गोळ्या कमी

डबी हलवली की खुळखुळते,
म्हणून मी आत कापूस कोंबतो.
मसाला मार्केटात, मिरचीच्या पोत्यांमागे,
कुणी खोकलं तर कुणी विचारत नाही का खोकलास.
काट्यावरची ही नोकरी मला त्यासाठीच बरी पडते.

वाशीच्या सेंटरात बाकडं आहे, आठ माणसांचं.
त्या दिवशी त्यावर एकच बसला होता, मधोमध,
आणि बाकीचे सगळे भिंतीला टेकून.
मीही उभाच राहिलो.
हे लिहायला हवं.
माणूस सरकतो म्हणजे नेमकं काय करतो हे मला पाठ आहे:
शाळेत खिचडीच्या रांगेत, पुढे रबाळ्याच्या मेसमध्ये,
आडनाव ऐकून ताट अर्धा इंच पलीकडे.
तरी उभा राहिलो.

शिपाई ओरडला, "ए नायजेरिया, पासपोर्ट!"
तो उठला. मराठीतच म्हणाला,
"नाव ओबिन्ना आहे, भाऊ."
कुणीतरी हसलं.

आत मला विचारलं, "पूर्ण नाव?"
सुमेध.
"पुढे?"
गायसमुद्रे.
मग तो एवढासा थांबा. पेन उचललेलं.
"अच्छा. लातूरकडचे."
मॅडम वाईट नाहीत. फक्त माझ्याशी हळू बोलतात,
जसं काही मला वाचता येत नाही.
"तुमच्या लोकांत हेच होतं, जरा बरं वाटलं की औषध सोडतात."
कुठल्या माझ्या लोकांत?
कार्डावरच्या त्या चौकोनात टिक असलेल्या?
की आडनावाखालच्या?
की दिघ्याच्या डोंगराला चिकटलेल्या,
नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या?

घोडबंदर रोडच्या एकाने प्रोफाइलवर लिहिलंय:
फक्त स्वच्छ मुलांनी मेसेज करावा.
माझा बाप बावीस वर्षं या शहराची गटारं उपसतोय.
पुलाखालच्या भिंतीवर रंगवलंय, स्वच्छ शहर, माझं शहर,
आणि चित्रातल्या माणसाने झाडू अगदी अण्णांसारखा धरलाय.
आई रविवारी विहारात पुढच्या रांगेत बसते.
तिला सांगितलं नाहीये. दोन्हीतलं काहीच.

बाहेर ओबिन्ना पायरीवर, रिकाम्या हातांनी.
कोपरखैरण्यातली खोली. रात्री पोलीस.
डबी पिशवीत घालून नेली तपासायला.
तो सांगत राहिला, औषध आहे, औषध.
ते म्हणाले, हो, तुमचं सगळ्यांचं औषधच असतं.
आता सेंटर म्हणतं जुनी डबी दाखव, व्हिसा दाखव, सोमवारी ये.
सोमवार तीनदा येऊन गेला.
त्याच्याही कार्डावर त्याच चौकोनात टिक.
आम्ही कार्डं शेजारी शेजारी धरली,
शाळेत मार्कं ताडून बघायचो तशी.

मी बसलो. कापूस काढला.
हे चूक आहे, कायद्याने आणि डॉक्टरी हिशेबानेही, माहीत आहे.
त्याने ओंजळ पुढे केली.
आजोबा सांगायचे,
ओंजळीत उंचावरून ओतलेल्या पाण्याबद्दल.
म्हणून मी वरून टाकल्या नाहीत.
त्याच्या हाताला हात लावून ठेवल्या, एकेक,
दहा.

वीस दिवसांनी मी सेंटरात.
मॅडमनी डबी उलटी केली.
"दहा दिवस आधी संपल्या?"
हरवल्या.
"हरवतात कशा?"
त्यांनी लिहिलं. मला उलटं वाचता येतं, व्यापाऱ्यांच्या वह्यांनी शिकवलंय:
अनियमित. समजावूनही उपयोग नाही.

बाकड्यावर आज आठही जण होते, दाटीवाटीने.
तो नव्हता.
फोन बंद. खोलीला दुसरंच कुलूप.
रात्री नऊला अलार्म वाजतो, मी गोळी घेतो
आणि उगाच मोजतो, आज त्याची कितवी असती.
दहावी कधीच संपली.

नव्या डबीत अजून कापूस घातलेला नाही.
बसमध्ये खड्डा आला की खुळखुळते.
शेजारचा बघतो.