नाका

वडगावात, मागांच्या खडखडाटातच आमचं दुकान.
त्यामुळं आम्ही दोघं बोलतो ते ओरडूनच,
आणि लोकांना वाटतं, भांडतोय.

तसे भांडतच होतो.
बसलिंग म्हणे विंडोज, प्रिंटर लावला की चालतो,
गिऱ्हाईक रात्री अकराला फोन करत नाही.
मी म्हणे लिनक्स. दोन जीबीत आरामात बसतं,
एक प्रोग्राम मेला तर त्या एकट्यालाच पोचवून येतं,
बाकीच्यांना सुतक नाही.
"आणि तुझं ते भर दुपारी शटर ओढून
आत काय अपडेट करत बसतं?"
"तुझ्यात वायफाय लावायला माझे दोन रविवार गेले की रे."
तीन गेले होते.

तेवढ्यात सावंत्राक्का आल्या.
रिक्षातनं उतरवलं अठ्ठ्याण्णव सालचं धूड,
साडीच्या काठाची नक्षी
पुठ्ठ्यावर भोकाभोकानं उतरवणारं.
"ह्यातलं नव्यात घाला. कुठल्यात बी घाला."

दोन्हीत घातलं.
लाइट जाते म्हणून मुद्दाम वायर उपटून बघितली:
दोघंही आधी वहीत टिपतात, मग डिस्कला हात लावतात,
उठले की वही वाचून सावरतात. बरोबरी.
जुन्याला वही माहीतच नाही,
ते अंधारात जिना चढल्यागत पायरी पायरी चाचपत उठलं.

पण पंचिंग मशीन हलेना.
नव्यांच्यात मध्ये नाका आहे, कोगनोळीसारखा:
पोर्टापर्यंत जायचं तर थांबा, कागद दाखवा,
परवाना नसेल तर माघारी.
जुन्यात कुणी विचारत नाही, तू कुठला.
"म्हणून तर दिवसातनं दोनदा पडतंय," बसलिंग म्हणाला.
त्यानं कन्नडात शिवी दिली, मी मराठीत.
ड्रायव्हर दोघांकडंही नव्हता.

मी म्हटलं, लिहितो. आठ दिवस द्या.
आक्कांनी विचारलं ते एवढंच:
"धागा तुटला की माग थांबतो.
ह्यातलं कुठलं थांबून सांगतं, कुठं तुटला ते?"

त्याचं निळ्या पडद्यावर एक आकडा फेकून गप्प होतं.
माझं सांगतं, पण चारशे ओळी सांगतच सुटतं.
आक्कांनी धूड परत रिक्षात चढवायला लावलं.
लग्नसराई आहे.

आज सहावा दिवस.
पलीकडचा माग अचानक थांबलाय,
आणि बसलिंग, माझ्या खांद्यावरून वाकून,
कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणतो,
"बग, ह्या ओळीत कंस उघडलास.
मिटला न्हाईस."