लेंड्या

वफ्राच्या शेडमध्ये सातव्या पिंजऱ्यातली सहा पिल्लं
आईपासून तोडल्याच्या नवव्या दिवशी
पोट फुगवून बसली. कानाजवळ धरलं
तर आत पाणी हिंदकळतं.
आणि दात खातात, रागावल्यासारखी.
ससा दात खातो तेव्हा त्याला दुखत असतं
हे उदगीरच्या डिप्लोमात मला कुणी शिकवलं नव्हतं.
तोफज्जलने शिकवलं. तो बोगुड्याचा, शाळा चौथीपर्यंत.

मालक म्हणाला, जंत?
त्याने मेलेलं एक उघडून पाहिलं होतं, जंत कुठेच नव्हते.
म्हटलं, त्याहून बारीक आहे.
नाव सांगितलं. तो म्हणाला, अरबीत सांग.
मला तर मराठीतही येत नव्हतं.

मेसमधलं मीठ आणलं, विरघळेनासं होईस्तोवर ढवळलं,
कैऱ्या मुरवायच्या पाण्यासारखं.
त्यात लेंडी कुस्करली, गाळली, नळी काठोकाठ भरली,
वर काच ठेवली.
वीस मिनिटं. एक चहा.
जड ते खाली बसतं, आणि हे वर येतं.
भिंगाखाली पाहिलं: लंबगोल, दुहेरी कडेची, निवांत,
शेकड्यांनी,
कुणी तांदूळ निवडून ठेवावेत तशी.

बाहेर अठ्ठेचाळीस अंश.
असल्या उन्हात ती वाळून मरतात.
या वाळवंटात त्यांना जगायला जागाच नव्हती.
जागा आम्ही केली.
सशांना ऊन सोसत नाही म्हणून कूलर,
कूलरची गळकी नळी,
नळीखालची हातभर ओल
जिथे दुपारी मीही पाय टेकून बसायचो.

कूलर बंद करावा तर ससे जातात.
चालू ठेवावा तर हे.
मालकाने माझ्याकडे पाहिलं, मी तोफज्जलकडे.
तो काही बोलला नाही. गॅसची नळकांडी पेटवली
आणि रिकामा केलेला एकेक पिंजरा
तारेतारेने भाजून काढला,
वांगं भाजतात तसा, फिरवून फिरवून.
मी गळतीवर रबर गुंडाळलं, पाण्यात औषध मोजून घातलं.
सहांतली चार गेली तरीही.

अकराव्या रात्री शेडमध्ये दिवा न लावता उभे होतो.
खालच्या पत्र्यावर टप.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप, टप, टपटप.
कोरड्या. मिऱ्यांसारख्या टणक.
तोफज्जल अंधारात हसला, मला ऐकू आलं.

घरून फोन होता:
आवाजावरून खुशीत दिसतोस, झालं काय?

काय सांगणार.