कोन

कशातच विरघळत नाही हा लाल,
म्हणून पक्का.
म्हणूनच स्फटिकही धरत नाही,
हाती लागते ती पूड.

जळगावात बाहेर पंचेचाळीस,
आत यंत्राचा हात अंश-अंश सरकतो.
लाखो कण, लाखो दिशा,
सगळ्या एकाच रेघेत दळलेल्या.
पीठ पाहून सांगायचं
कणसात दाणे कसे बसले होते.

सतरा पेशी मांडल्या, मोडल्या.
अठरावीत रेणू कलते उभे राहिले,
टोपलीत लावलेल्या बिबड्यांसारखे,
हायड्रोजनने एकमेकांना धरून.

खल धुता धुता सुपडूआप्पा विचारतात,
नखांत तो लाल, साबणाला न जुमानणारा,
"काय दिसनं?"
"कोन," मी म्हणते.
"कोन शे?"
ते दाराकडे बघतात.

एकोणीस अंशांवर एक उंचवटा
अजून उभा आहे,
कुणाचा ते न सांगता.