शेवटचा का

राजारामपुरी, नववी गल्ली, झेरॉक्सच्या दुकानावर
शिरगुप्पे बाईंचा क्लास.
जिन्यात चपलांचा ढीग,
त्यात माझी पांढरी, ड्यूटीची.
बाई स्वतः कधी जपानला गेल्या नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर माझं नाव लिहिलं
आणि वाचून दाखवलं: साम्पादा चोगुरे.
त्यांच्यात ल नाही. ळ तर नाहीच.
कोल्हापूरचं कोरुहापुरु झालं,
रंकाळा, नळ, केळं, काळीज
राहिलं बाहेर जिन्यात, चपलांशेजारी.

दुसऱ्या आठवड्यात तोंडातून आलं तसं बोललो,
"बाई, उद्या येत न्हाई, नाईटला जातो."
पुण्याहून बदलून आलेली एक पोरगी हसली.
जातो? तू मुलगी ना?
आमच्या गल्लीत सगळ्या बायका
जातो, येतो, करतो, दमलो.
बाईंनी खडू उचलला: इकिमास.
म्हणाल्या, जातो पण हेच, जाते पण हेच.
एवढ्याशा क्रियापदात
मी पाय पसरून बसलो.

रात्री वॉर्डात कॉट नंबर सहा,
बाबालाल मिस्त्री, खुबा मोडलेले.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर.
कूस बदलताना मी सराव करतो:
इताइ देस का?
ते डोळे मिटूनच म्हणतात, "हाय."
दुखणं हाय का होकार हाय, कुणास ठाऊक.
दोन्हीकडं उत्तर बरोबर.

एकदा माझी चिठ्ठ्यांची चळत बघून म्हणाले,
"आमच्यात एक जपानी मशीन हुतं, जुनं घेतल्यालं.
तांबड्या बटणावर दोन अक्षरं.
रोज पुसायचो. वाचणार कोण?"
पहिलं आठवेना. दुसरं
चादरीवर बोटानं काढलं त्यांनी:
मधे एक उभी,
तिला उजवीकडं आखूड फांदी,
डावीकडं बुटकी उभी,
खाली सगळ्याला पाट.
चार रेघा. पहिल्याच महिन्यातलं अक्षर.
"थांबा," मी म्हटलं.
ते थांबले.
"न्हवं चाचा, अक्षर तसं हाय. थांबा."
मग बराच वेळ ते डाव्या हाताकडं बघत राहिले,
जिथं दोन बोटं पेरावर संपतात.
"बटण तर ठावं हुतं," म्हणाले,
"नाव आज कळलं."

डिसेंबरचा पहिला रविवार. परीक्षा पुण्यात.
शनिवारी रात्रीची एसटी, सीबीएसवरून.
कराडला चहा, खंबाटकीत कुणाला तरी उलटी,
माझ्या मांडीवर दोन पेन्सिली, खोडरबर,
आणि साताऱ्यापर्यंत पाठ असलेलं, पुढं विसरलेलं व्याकरण.
वाचायचं बरं गेलं. मग ऐकायचं.
बाईंनी बजावलं होतं, एकदाच ऐकवतात,
मागं फिरायचं नाही.
ऑफिसात एक माणूस, एक बाई.
माणूस म्हणतो ते कर, नको, त्याआधी हे कर,
पण त्याच्याही आधी...
प्रश्न: बाई सगळ्यात आधी काय करणार?
फोन. झेरॉक्स. खुर्च्या. चहा.
मागच्या बाकावर कुणी खोकलं
आणि क्रियापद गेलं. त्यांचंही आपल्यासारखंच,
शेवटी येतं. तोवर नुसतं धरून बसायचं.
मी झेरॉक्सचा गोल काळा केला.
मला तो जिना आठवला म्हणून.

निकाल लागला त्या सकाळी
कॉट सहावर दुसरंच कुणी होतं.
मिस्त्रींना घरी सोडलं, सिस्टर म्हणाली. चालत, काठीनं.
सांगायचं राहिलं: पास. काठावर.

घरी मंगळवार पेठेत
आई पिको-फॉलच्या मशीनवर. लग्नसराई,
पायाशी साड्यांचा डोंगर.
मोबाईल तिच्यापुढं धरला. तिनं मार्क बघितले,
पाय थांबवला नाही.
मशीनच्या आवाजात काहीतरी म्हणाली.
दोनच शब्द पोचले, जातीस आणि का.
का जातीस?
की, जातीस का?
का आधी होता का शेवटी,
एवढ्यावरच सगळं होतं.

परत म्हण, असं मी म्हटलं नाही.
साडीचं दुसरं टोक उचललं
आणि काठ सरळ धरून
तिच्यासमोर बसलो.