सोनखत

सोळा वर्षं मी गाळाचा ट्रक चालवला
केनेबेक नदीच्या वरच्या अंगाला.
शहरानं धुतलेलं, हगलेलं, मोरीत ओतलेलं सगळं
प्लांटमध्ये निथळून, चुना मारून
काळं, मऊसूत, माझ्या मागं हिंदकळत यायचं.
कागदावर त्याचं नाव होतं जैवघन.
लुसियन पेलेटिये म्हणायचा, नाव काही ठेवा,
वास तोच, आणि पैसे पडत नाहीत.
फुकट ते पौष्टिक.

गवत खरंच मातलं.
जूनमध्ये ओडेटच्या गाई त्यात बुडालेल्या,
नुसत्या पाठी दिसायच्या, तपकिरी होड्यांसारख्या.
निघताना ती खिडकीतून बाटली द्यायची,
कोमट, वर साय.
मी ती फाटकापाशीच संपवायचो.

परवाच्या मार्चमध्ये सरकारी मुलगी आली,
हातात मोज्यांचे दोन दोन थर.
विहीर, दूध, माती, कोंबड्यांची अंडी,
सगळ्यातलं थोडं थोडं भरून घेतलं.
पाऊस भुरभुरत होता. मी वाकून बघायला गेलो
तर म्हणाली, काका, जरा लांब उभे राहा,
तुमच्या रेनकोटनं नमुना बिघडेल.

मी लांब उभा राहिलो.
मी. सोळा वर्षं.

जे सापडलं त्याला रंग नाही, वास नाही.
तव्याला अंडं चिकटू नये,
कोटावर थेंब टिकू नये, म्हणून माणसानं घडवलेलं.
न चिकटण्यासाठीच जन्मलेलं ते
मातीला असं चिकटलंय
की नांगरून जात नाही, जाळून नीट जात नाही,
गवतातून गाईत, गाईतून बाटलीत
आणि बाटलीतून, हो, फाटकापाशी.

आता रोजचं दूध शेणाच्या खड्ड्यात जातं.
खड्डा भरत आला.
उपसून टाकायचा कुठं, हे कुणी सांगत नाही.

लुसियननं बिस्किटाचा डबा काढला.
एकेका खेपेची पावती, तारखेनिशी.
खाली माझी सही, सुरुवातीला ठसठशीत,
मग घाईची,
मग नुसता फराटा.
तो काही बोलला नाही. चष्मा पुसत बसला.
चार शिव्या दिल्या असत्या तर
उठून जाता आलं असतं.

ओडेटनं कॉफी ओतली,
आणि टेबलावर दुधाचा खोका ठेवला,
दुकानातला, कोपरा वेडावाकडा फाडलेला.
घे, म्हणाली,
आम्हालाही अजून नीट उघडता येत नाही.