मागं थांबते

वडगावात आम्ही सगळे ओरडूनच बोलतो.
खाली चार माग चालतात, वरच्या खोलीत चटईवर
दर रविवारी आमचा खेळ:
कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा आडोसा, त्यामागं मी,
माझ्या वहीत एक घाट, घाटात तांडा,
आणि वीस बाजूंचा फासा,
जो परशराम हुंदरेनं पुण्याहून आणला
आणि ज्याचे पैसे तो अजून मागतो.

वीस पडले की इराण्णा अंगडी उडी मारतो, "इप्पत्तु!"
मग आम्हीही सगळे, "इप्पत्तु!"
परशरामसुद्धा, ज्याचे वडील
सीमाप्रश्नाच्या सभेत पुढच्या रांगेत बसतात.

सुलक्षा गावडे कणकुंबीची.
इथं वसतिगृहात राहते, नर्सिंगला आहे.
तिची पाळी आली की ओठ हलतात,
खालचे धोटे मध्येच तिचं वाक्य घेऊन जातात,
आणि एवढंच उरतं: "मी मागं थांबते."

मी काय काय केलं नाही.
फक्त तिलाच उघडता येईल असं एक दार केलं.
तिनं किल्ली इराण्णाच्या हातात ठेवली.
मग एकदा नाव घेऊन हाक मारली,
"सुलक्षा, बोल की गं, तू काय करतीस?"
पाच माना एकदम वळल्या
आणि ती वहीत मान घालून बसली.
"ऱ्हाऊ दे," परशराम म्हणाला, "गरीब हाय."
गरीब. हा शब्द मला आवडला नव्हता,
खरं मीही पुढची पाळी पुकारली.

श्रावणातल्या एका रविवारी वीज गेली.
माग थांबले. एक, दोन, तिसरा जरा रेंगाळून, चौथा.
अशी शांतता आमच्या गल्लीला माहीतच नाही,
कानात कापूस घातल्यासारखं झालं.
आणि त्या शांततेत एक वाक्य चालूच होतं,
बहुधा बऱ्याच रविवारांपासून:

"…पावलं नऊ जणांची."

कुणीच हललं नाही.
मी या वेळी "काय करतीस" विचारलं नाही.
विचारलं, "मागून काय दिसतं?"
आणि मेणबत्ती शोधायला उठलो,
मुद्दाम हळू, मुद्दाम चुकीच्या फडताळात.

पाठ वळलेली असतानाच तिचा आवाज आला.
"आपण आठ जण. मी रोज मोजते.
जोगम्मा मेली त्या दिवसापासून नऊ होतात.
नववा कधी पुढं येत नाही.
आपण थांबलो की थांबतो."
तिच्या वहीत सगळं होतं:
मशाली किती उरल्या, कोण कुठं जखमी झालं,
इराण्णानं ज्यांना मारून विसरून टाकलं
त्या चोरांची नावं, वयासकट.
नावं मी कधी दिलीच नव्हती.

आणि माझ्या वहीत नववा नव्हता.
मी पुठ्ठ्याआड मान घालून
पानं उलटल्याचं सोंग केलं.
मग पेन्सिलनं, अंधारात, ओळीवर ओळ चढवत
त्याला लिहून घेतला.

वीज आली. माग सुरू झाले.
इराण्णा ओरडायला लागला, "तलवार काढतो, मी…"
मी नुसता हात वर केला.
आणि मग तो, हा ताडमाड अंगडी,
चटईवर रांगत तिच्या जवळ गेला, कान पुढं करून.
"किती लांब आहे?" त्यानं विचारलं.

आता आम्ही दाटीवाटीनं बसतो, गुडघ्याला गुडघा.
प्रश्न टाकून मी चहा गाळायला जातो.
कधी चिठ्ठी येते, पुठ्ठ्याखालून सरकवलेली,
कधी काहीच येत नाही.
बरोबर करतोय का, मला ठाऊक नाही.

गेल्या रविवारी तिची पाळी आली.
ओठ हलले. "मी मागं थांबते," एवढंच.
फासा परशरामच्या मुठीत तसाच राहिला,
आणि इराण्णानं हळूच मान वळवून
आमच्या खऱ्याखुऱ्या जिन्याकडं बघितलं.