हिरवी वायर

उद्यमनगरात अठ्ठावीस वर्षं लेथवर काढली.
दोन थाऊचा फरक बोटाला कळतो मला.
म्हणून घरात कुणाला बोलवायचं म्हटलं
की कमीपणा वाटायचा.
प्लंबर कशाला? मी मेलोय काय?

नळाचा वायसर, मी.
फ्लशचा फुगा, मी.
टाकीचा व्हॉल्व्ह, भर दुपारी, गच्चीवर,
डोक्यावर ओला टॉवेल टाकून, मी.
जुन्या लोखंडी पाइपला सूत गुंडाळून
सफेदा लावायला बापानं शिकवलं.
आता पांढरी टेप आली.
आट्याच्या दिशेनं वेढे द्यायचे,
उलटे दिले तर पाना फिरवशील तशी सुटत येते.

हे मालनलाही येतं.
"तुमी कामावर गेल्यावर मीच केलो की," म्हणाली एकदा.
बेसिनखाली वाकून बघितलं.
माझ्यापेक्षा घट्ट.

गॅसला मात्र तिनं मला कधी हात लावू दिला नाही.
नळीवरची तारीख ती वाचते,
चष्मा लावून, दुधाच्या पिशवीवरची वाचते तशी.
सिलिंडर बदलला की वाटीत साबणाचा फेस,
रेग्युलेटरभोवती बोटानं लावायचा
आणि बुडबुडा येतो का बघत बसायचं
दोघांनी, काही न बोलता,
आजाऱ्याची नाडी बघितल्यासारखं.
आला तर?
तर कॉक बंद, खिडक्या उघड्या, आपण बाहेर, आणि फोन.
पाना नाही.
"हे आपलं काम नव्हं."
तिच्या माहेरी बावड्याला एका चुलतभावाची पाठ…
ते ती पुढं सांगत नाही.
मी विचारत नाही.

विजेचं मी ऐकलं नाही.
टेस्टर खिशाला असायचा, पेनासारखा.
फ्यूज बांधले, पंखे टांगले,
ज्या वर्षी पंचगंगा जामदार क्लबच्या पुढं सरकली
त्या वर्षी सगळे बोर्ड तीन फूट वर घेतले, एकट्यानं.
लोक बघायला आले.
म्हणजे शेजारचे जयसिंगराव आले.
"नाद नाही करायचा," म्हणाले.
ते वाक्य मी बरीच वर्षं पुरवून खाल्लं.

मग माघातल्या एका सकाळी
भांडी विसळता विसळता मालन म्हणाली,
"नळ चावालाय."
मी हसलो.
हात ओला करून तोटीला लावला.
चावत होता.
मुंगीएवढंच.

आता हे काम कुणाचं?
पाण्याचं म्हणावं तर माझं,
विजेचं म्हणावं तरी माझंच,
आणि तरी पाय जागचा हलेना.
मी टेस्टर काढला.
तिनं मेन पाडला.
फ्रिज गप्प झाला, पंखा गरगरत थांबला,
आणि माझ्या हातातला टेस्टर तिनं
न विचारता काढून घेतला.

इलाही नदाफ आला, लक्ष्मीपुरीतनं,
वय सव्वीस, कानात बाळी.
गीझर उघडला. "कॉइल गेलीय, ते सोडा."
मग बोर्ड उघडला
आणि बराच वेळ बोललाच नाही.
"काका, ही हिरवी वायर कुणी ठेवली अशी?"

हिरवी वायर जोडलेली नव्हती.
टोक आत दुमडून, काळी टेप मारून
बाजूला सारली होती,
पुढं कधी लागली तर असू दे म्हणून.
अकरा वर्षं.
टेपेचा एकही वेढा वाकडा नव्हता.
तेवढी सुबक टेप त्या अख्ख्या गल्लीत
एकच माणूस मारतो.

अकरा वर्षं आमची पोरगी
त्याच गीझरच्या पाण्यानं न्हाऊन शाळेला गेली.

"बॅटरी धरायला कोण हाय काय?" नदाफनं विचारलं.
मी धरली.
"जरा डावीकडं, काका."
धरली डावीकडं.
"हलवू नका."

सातशे झाले. मालननं आठशे दिले,
सुट्टे मागितले नाहीत.

वायसर अजून मीच बदलतो.
त्या संध्याकाळी नळ सोडून
कितीतरी वेळ हात खाली धरून उभा होतो.
नुसतं गार पाणी.
"बंद करा आता," ती आतनं म्हणाली,
"टाकी रिकामी व्हतीय."